भोक की काच?

भंडारा जिल्ह्यात कोसा म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवणे हा तेथील ढिवर समाजाचा जुना उद्योग. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. मात्र कोशातून निघणारा पतंग (अँथेरिया मायलिटा) फार थोड्या मुलांनी जवळून पाहिलेला असतो. पंख पसरले की तो चांगला वीतभर भरतो आणि चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक गोल दिसतो.

असा एक पतंग आम्ही वर्गात दाखवला आणि त्याचे वर्णन लिहायला सांगितले. एका मुलाने लिहिले, ‘पंखांना चार भोके आहेत.’ फुली मारण्यापूर्वी आम्ही पतंग पुन्हा हातात घेतला. गोलाच्या मधल्या भागातून पलीकडची अक्षरे सरळ वाचता येत होती! मुलाने पाहिले ते बरोबर होते. शब्द तेवढा चुकला होता.

मग भोक नाही हे कसे ठरवायचे? मेलेल्या पतंगाचा पंख आडवा धरून त्या गोलावर ड्रॉपरने पाण्याचा लहानसा थेंब ठेवावा. थेंब खाली पडत नाही, म्हणजे तेथे पातळ पापुद्रा आहे. या पापुद्र्याला कीटकशास्त्रात ‘हायलाइन’ म्हणतात. काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो आला आहे. मराठीत ‘काचाभ’ म्हणावे, काचेसारखी आभा असलेला.

खरे पाहता फुलपाखरे आणि पतंग यांच्या पंखांचा मूळ पापुद्रा बहुधा स्वच्छच असतो. त्यावर कौलांसारखे खवले बसलेले असतात आणि रंग दिसतो तो मुख्यतः त्यांचा. पंख चिमटीत धरला की बोटांना लागणारी भुकटी म्हणजे हे खवलेच. टसर पतंगाच्या ‘डोळ्या’च्या मध्यभागी खवले जवळजवळ नसतात, म्हणून तेथे खिडकी उघडते.

येथे एक गफलत नेहमी होते. ‘पटलमय’ आणि ‘काचाभ’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पटलमय हा शब्द पंख कशाचा आहे ते सांगतो: पातळ पापुद्र्याचा, भुंग्याच्या पुढच्या पंखांसारखा टणक नव्हे. काचाभ हा शब्द तो पापुद्रा कसा दिसतो ते सांगतो: स्वच्छ व बिनरंगी. पापुद्रा पातळ असूनही धुरकट किंवा पिवळसर असला, तर तो पटलमय खरा, पण काचाभ नव्हे. शिरांचा रंग मात्र यात धरत नाहीत. शिरा काळ्या असल्या तरी मधली घरे स्वच्छ असतील तर पंख काचाभच.

शिवाय हा शब्द सबंध पंखालाच लागतो असे नाही. धानाच्या बांध्यांवर एक लहान चतुर दिसतो, न्यूरोथेमिस टुलिया. त्याच्या नराचे पंख बुडाशी निळसर काळे, मग दुधी पांढरा पट्टा आणि टोकाला काचाभ. ‘पंख पारदर्शक’ एवढेच लिहिले तर हा चतुर ओळखता येणार नाही. ‘टोके काचाभ’ लिहिले तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो उभा राहतो.

वरच्या वर्गांत हाच शब्द पुन्हा भेटतो. श्वासनलिकेच्या कड्यांतील कूर्चा हायलाइन असते. ती काही आरपार दिसत नाही; निळसर पांढरी आणि काचेसारखी तुकतुकीत असते. तेव्हा ‘हायलाइन म्हणजे पारदर्शक’ असे समीकरण मुलांना पाठ करायला देऊ नये.

पंख मिळवण्यासाठी पतंग मारण्याची गरज नाही. या पतंगाला पूर्ण वाढलेल्या अवस्थेत खाता येत नाही, त्यामुळे तो थोडेच दिवस जगतो. पावसाळ्याच्या तोंडी कोशांतून पतंग निघतात, तेव्हा कोसा पाळणाऱ्या घरी मेलेले पतंग मागितल्यास सहज मिळतात. पंख कागदाच्या घडीत ठेवावेत आणि मुलांना ते भिंगाखाली पाहू द्यावेत. शब्द मात्र थेंब ठेवून झाल्यावरच सांगावा.