पाण्याखालचा लाल रंग

मालवणच्या बाजारात तांबोशी ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. रंग तिच्या नावातच आहे. तीच तांबोशी सिंधुदुर्ग किल्ल्याबाहेर आठेक मीटर खोलीवर पहिल्यांदा समोर आली, तेव्हा मी तिला ओळखलं नाही. मासा राखाडी-तपकिरी दिसत होता. टॉर्चचा झोत पडला आणि तो लालसर झाला. झोत बाजूला गेला, पुन्हा राखाडी. पंचेचाळिशीत पोहायला शिकलेला माणूस तेव्हा घाबरलेलाच असतो, तरी एक प्रश्न मी वर घेऊन आलो. या माशाचा कोणता रंग फोटोत यायला हवा?

पाणी रंगहीन असतं, हा समज पेलाभर पाण्यापुरता ठीक आहे. समुद्राचं पाणी प्रकाशातला लाल भाग सर्वांत आधी शोषतं. पाच मीटरवर लाल फिका पडतो, दहाच्या आसपास जवळजवळ संपतो. त्यामागून नारिंगी, मग पिवळा. स्वच्छ समुद्रात शेवटी निळा उरतो. आपल्या किनाऱ्यावर गाळ आणि तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींमुळे हिरवा. आणि हा हिशेब फक्त खोलीचा नाही. दोन मीटरवरच्या माशावर फ्लॅश मारला, तर तो उजेड जाऊन-येऊन चार मीटर पाण्यातून गाळला जातो.

या अडचणी कुणी पहिल्यांदा अंगावर घेतल्या, याचा शोध घेताना मला दोन माणसं भेटली. पहिला इंग्लंडमधला वकील आणि निसर्गप्रेमी विल्यम थॉम्पसन. त्याने 1856 मध्ये वेमथच्या उपसागरात होडीतून एका पेटीत कॅमेरा सोडला. पेटीत पाणी शिरलं, तरी काचेवर अंधूक चित्र उमटलं. तो स्वतः होडीतच होता. दुसरा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बूताँ, जो पाणबुड्याचा जड पोशाख चढवून खाली उतरला. भूमध्य समुद्रावरच्या बान्युल या गावी 1893 मध्ये त्याने काम सुरू केलं. कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीसाठी त्याचा इंजिनिअर भाऊ ओग्युस्त मदतीला होता. नैसर्गिक उजेडात एकेका फोटोला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागे. तेवढा वेळ कोणता मासा थांबतो? म्हणून कृत्रिम उजेड हवा होता. प्राणवायूने भरलेलं पिंप, त्याच्या डोक्यावर काचेच्या घुमटात स्पिरिटचा दिवा, आणि रबरी फुग्याने ज्योतीवर फुंकायची मॅग्नेशियमची पूड! हे धूड समुद्रात उतरवणाऱ्या माणसाच्या चिकाटीपुढे माझी बॅटरी संपल्याची कुरकुर मला नेहमी लाजवते. 1899 मध्ये त्याने पाण्याखाली काढलेल्या फोटोत रुमानियन शास्त्रज्ञ एमिल राकोव्हित्सा पाणबुड्याच्या पोशाखात हातात पाटी धरून उभा आहे. ‘पाण्याखालील छायाचित्रण’ अशा अर्थाचे फ्रेंच शब्द तिच्यावर आहेत. या पाटीकडे मी पुन्हा येणार आहे.

आज प्राणवायूचं पिंप लागत नाही, पण पाणी तेच आहे. मीटरभर अंतरावरची वस्तू पाऊण मीटरवर आणि सुमारे तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते. सपाट काचेमागे ठेवलेल्या लेन्सलाही तसंच दिसतं, म्हणून रुंद दृश्यासाठी पुढे घुमटाकार काच बसवतात. खोलीवर पेटीवरचा दाब वाढतो. दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो, आणि त्याला अडवणारी वस्तू म्हणजे एक बारीक रबरी कडी. माझा पहिला कॅमेरा त्या कडीवर अडकलेल्या माझ्याच एका केसाने बुडवला.

खरा वैताग मात्र तरंगत्या कणांचा. आंबोली घाटात धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले की रस्ता दिसण्याऐवजी पांढरी भिंत दिसते, तसंच लेन्सजवळचा फ्लॅश समोरचे कण उजळवतो आणि फोटोत बर्फ पडतो. उपाय म्हणून फ्लॅश लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना न्यायचे. त्याहून चांगला उपाय म्हणजे जवळ जायचं, हातभर अंतरावर. मधलं पाणी जितकं कमी, तितका फोटो खरा. पण जवळ जायला स्थिर तरंगता यावं लागतं, नाहीतर पायातल्या फिनने प्रवाळ मोडतो. ते शिकायला मला दोन वर्षं लागली.

आता पाटीकडे. समुद्राचं पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा तापलेलं राहिलं, की प्रवाळाच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवालं निघून जातात. रंग बहुतांशी त्यांचाच. ती गेल्यावर पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा चुनखडी सांगाडा दिसतो. प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर शैवालं परततात. म्हणून तो कधी, किती फिकटला, याला मोल आहे. मी सलग दोन मोसम एकाच खडपावरच्या प्रवाळांचे फोटो काढले होते. ते एका अभ्यासक बाईंना अभिमानाने दाखवले. त्यांनी शांतपणे विचारलं, “करडी पाटी कुठे आहे?” फोटोत ठरावीक करड्या रंगाची पाटी असली, तर पाण्याने काय खाल्लं ते मोजून भरून काढता येतं. मी पाटी धरली नव्हती. वर संगणकावर रंग खुलवून, जागा वाचवण्यासाठी मूळ फाइलीही पुसल्या होत्या. प्रदर्शनात वाहवा मिळवलेले ते फोटो पुराव्याला शून्य. त्या दोन वर्षांत तिथला प्रवाळ फिकटला का, हे आता माझ्या फोटोंवरून कुणालाच सांगता येणार नाही.

तेव्हापासून पाटी मनगटाला बांधलेली असते.

गेल्या हिवाळ्यात काढलेले फोटो मी आमच्या होडीवाल्या काकांना दाखवले. सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्म याच पाण्यावर गेला, पण तळ त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. दोरीला बांधलेल्या वजनाने आणि जाळ्याला बसणाऱ्या हिसक्यांनीच तो त्यांना ठाऊक. एका फोटोवर त्यांचं बोट थांबलं. “ह्यांच तां खडप. हयसरच माझां जाळां फाटता.” मी जागा सांगितली नव्हती. खडपाच्या कडेला निळ्या धाग्याचा गुंता अडकलेला होता. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी किल्ल्याचा बुरूज आणि किनाऱ्यावरचा एक उंच माड एका रेषेत धरून दुसरी जागा सांगितली. तिथे पूर्वी शेवंडं मिळायची, आता का मिळत नाहीत ते बघून या, म्हणाले. दिवाळीनंतर पाणी निवळलं की आम्ही तिथे जाणार आहोत.