गरोदरपणातली कावीळ साधी नसते

किनवटच्या डोंगराळ भागातल्या एखाद्या वस्तीत पावसाळ्यात काविळीची साथ आली आहे, असे समजा. नवरा आणि आठव्या महिन्यातली त्याची बायको एकाच हंड्यातले पाणी पितात. दोघांनाही एकाच विषाणूची लागण होते. नवरा काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतो. बायकोच्या मात्र जिवावर बेतू शकते. असे का?

आधी यकृताची कामे पाहू. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. हे काम अडले की डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनेही यकृतच बनवते आणि अमोनियासारखी विषारी द्रव्ये निकामी करते. निरोगी गरोदरपणात रक्ततपासणीतले काही आकडे बदलतात, पण बिलिरुबिन वाढत नाही. म्हणून 'पोटुशी बाई थोडी पिवळी दिसायचीच' हा समज चुकीचा आहे.

आपल्याकडच्या मोठ्या साथींमागे बहुधा हिपॅटायटिस-ई हा विषाणू असतो. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की तो पसरतो. १९५५-५६ साली दिल्लीत अशीच मोठी साथ आली होती. १९८१ साली कोल्हापूर शहरात आलेल्या साथीचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केला. काश्मीरमधल्या १९७८ च्या साथीत कावीळ झालेल्या ३६ गर्भवतींपैकी ८ जणींचे यकृत झपाट्याने निकामी झाले. त्याच वयाच्या, पण गरोदर नसलेल्या ७१ रुग्ण स्त्रियांपैकी एकीचेही झाले नाही. शेवटच्या तिमाहीत ही लागण झालेल्यांपैकी २० ते २५ टक्के स्त्रिया दगावू शकतात. गरोदरपणात संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती यांत होणारे बदल यामागे असावेत, असे मानले जाते.

यकृत थकले की अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. बाई असंबद्ध बोलू लागते, गुंगीत जाते. रक्त गोठत नसल्याने बाळंतपणात रक्तस्राव थांबत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मते, कधी पोटातच दगावते; काही बाळांना आईकडून लागणही होते.

यकृताचे सगळेच विकार डोळे पिवळे करत नाहीत. शेवटच्या महिन्यांत अंगावर पुरळ नसताना रात्री तळहात-तळपायांना फार खाज सुटत असेल, तर पित्ताम्ले रक्तात साचत असण्याची शक्यता असते. ती फार वाढली तर बाळाला धोका असतो. रक्तदाब वाढून उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर तीही धोक्याची खूण आहे.

गावोगावी कावीळ 'उतरवणारे' असतात. काड्यांची माळ घालतात. काड्या सुकतात, गाठी सैल होतात, माळ लांबते आणि कावीळ उतरली असे वाटते. विषाणूची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, म्हणून श्रेय माळेला मिळते. गर्भवतीच्या बाबतीत मात्र या वाट पाहण्यात मोलाचे दिवस जातात. किनवटहून नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे, त्यामुळे निघण्याचा निर्णय लवकर व्हायला हवा.

शिक्षकांनी वर्गात आणि पालकसभेत तीन गोष्टी सांगाव्यात. साथीच्या दिवसांत पाणी खळखळ उकळून प्यावे. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत. आणि गर्भवतीचे डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी आशाताईंना कळवून किंवा १०८ ला फोन करून तिला रुग्णालयात न्यावे.