प्रशासकीय कारणास्तव

गेल्या महिन्यात आमच्या भाचीच्या जुळ्यांचे बारसे सांगलीला झाले. लग्नाला अकरा वर्षे होऊन गेलेली, त्यामुळे झाडून सगळे गोत जमले होते. घुगऱ्या वाटताना नव्वदीच्या मावशींनी मोठ्यांदा विचारले, "ही पोरं म्हणे दोन महिने फ्रीजात होती?" सगळे हसले. भाचीही हसली. म्हणाली, "दोन नाही मावशी, तीन." गर्भ गोठवून ठेवतात आणि शरीर तयार झाले की आत सोडतात, हे तिने मावशींना पापड-कुरडयांची कृती सांगावी इतक्या सहजपणे समजावून दिले.

मला त्या वेळी कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची आठवण झाली. पाळण्याभोवती जमलेल्यांपैकी कोणालाच हे नाव माहीत नव्हते. माहीत असण्याचे कारणही नाही म्हणा.

जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमधली लुईस ब्राऊन. तिचा जन्म २५ जुलै १९७८चा. त्यानंतर बरोबर दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबरला, दुर्गापूजेच्या दिवसांत कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. तिला दुर्गा म्हणू लागले. मुखोपाध्याय हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. एक डॉक्टरेट कलकत्त्याची, दुसरी एडिंबरोची. त्यांच्या जोडीला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य आणि गोठवण्याच्या तंत्राचे जाणकार, जादवपूर विद्यापीठातले सुनीत मुखर्जी. हाताशी साधीसुधी उपकरणे आणि एक रेफ्रिजरेटर.

पण उपकरणे साधी म्हणून काम साधे नव्हते. इंग्लंडच्या डॉक्टरांनी स्त्रीच्या नैसर्गिक चक्रातले एकच बीज दुर्बिणीने पोटातून काढले होते. मुखोपाध्यायांनी संप्रेरके देऊन एका वेळी अनेक बीजे तयार होतील असे पाहिले, ती योनिमार्गाने काढली आणि फलित झालेला आठ पेशींचा गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला. मग गर्भाशय पुन्हा स्थिरस्थावर झाल्यावर पुढच्या एका चक्रात तो आत सोडला. गोठवलेल्या गर्भापासून जन्मलेले पहिले मूल म्हणून जगाने ज्याची नोंद घेतली, ते १९८४ साली ऑस्ट्रेलियात जन्मले. आज सांगली-कोल्हापुरातल्या कोणत्याही केंद्रात जा, आमच्या भाचीला जे केले ते बव्हंशी या कलकत्त्याच्या वाटेनेच.

आता शंका घ्यायची नाही का? जरूर घ्यायची. मुलीच्या आईवडिलांना गवगवा नको होता. एका परंपराप्रिय घरातली ती सून, लोक काय म्हणतील याची धास्ती. त्यामुळे पुरावा चारचौघांत मांडता येईना. प्रसिद्ध झालेले लेखनही फार नव्हते. असा अचाट दावा कोणी केला तर "दाखवा" म्हणणे हे शास्त्राचे कामच आहे. मी बँकेत तपासनीस म्हणून काम केले आहे, व्हाउचर मागण्यात अपमान कसला?

पण नोव्हेंबर १९७८मध्ये पश्चिम बंगाल सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. शरीराबाहेर गर्भ वाढवण्याचा अनुभव समितीत कोणालाच नव्हता. तिने दावा खोटा ठरवला. इथवरही मी एक वेळ समजू शकतो. समित्या चुकतात. चुकलेल्या समितीला उत्तर देण्याची जागा म्हणजे परिषदा आणि नियतकालिके. नेमकी तीच दारे बंद करण्यात आली. जपानच्या क्योटो विद्यापीठातून निमंत्रण आले, सरकारने जाऊ दिले नाही. प्राध्यापक सरकारी नोकर होते ना! माणसाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला. आणि जून १९८१मध्ये बदलीचा हुकूम आला. संप्रेरकांवर उभे आयुष्य घालवलेल्या या माणसाला डोळ्यांच्या संस्थेत पाठवले होते.

१९ जून १९८१ रोजी त्यांनी राहत्या घरी आत्महत्या केली. वय ५०. शिक्षिका असलेल्या त्यांच्या पत्नी शाळेतून परतल्या तेव्हा त्यांना ते दिसले.

इंग्लंडच्या एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनाही कोणी पायघड्या घातल्या नव्हत्या. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१मध्ये त्यांना पैसे नाकारले, टीका तर किती झाली. पण ओल्डहॅमच्या छोट्याशा रुग्णालयात त्यांचे काम चालू राहिले. नकार मिळाला, तरी टेबल काढून घेतले गेले नाही. एडवर्ड्सना २०१०मध्ये नोबेल मिळाले. आपल्याकडे विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी र. धों. कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी सोडावी लागली होती, ती हकिगत मराठी वाचकाला नवी नाही. मूल होऊ न देण्याचे शास्त्र असो की होऊ देण्याचे, दोन्हींची किंमत शेवटी नोकरीतच वसूल झाली.

मुखोपाध्यायांची ही कहाणी मला कळली ती तपन सिन्हा यांच्या 'एक डॉक्टर की मौत' या चित्रपटामुळे. त्यात पंकज कपूरचा डॉक्टर कुष्ठरोगावर लस शोधतो, पण तो कोणावरून बेतला आहे हे एका बंगाली सहकाऱ्याने मला सांगितले. १९९३च्या सुमारास दूरदर्शनवर तो पाहताना मी आणि सौ. दोघेही रडलो होतो. आणि तीनच वर्षांनी मी स्वतः तसला एक हुकूम लिहिला.

तेव्हा मी आमच्या बँकेच्या झोनल ऑफिसात, पर्सोनेल विभागात होतो. शेतीकर्ज पाहणारे एक सहकारी रीतसर परवानगी घेऊन पीएच.डी. करत होते. विषय थकबाकीचा. दोन तालुक्यांतली खाती तपासून त्यांनी दाखवले की लहान शेतकरी परतफेड करतात. रक्कम अडकली आहे ती मोजक्या मोठ्या खात्यांत. निबंध त्यांनी एका विद्यापीठाच्या चर्चासत्रात वाचला. खात्यांची नावे नव्हती, पण ज्यांना कळायचे त्यांना कळले. त्या मोठ्या खात्यांतली काही वरूनच मंजूर झालेली होती.

महिन्याभरात साहेबांनी मला बोलावले. आवाज चढवला नाही, चहाही पाजला. "त्यांना जरा करन्सी चेस्टला पाठवू या. अनुभव येईल." करन्सी चेस्ट तीनशे किलोमीटरवर. काम फाटक्या-मळक्या नोटांची पुडकी मोजून घेण्याचे. त्यांची मुलगी त्या वर्षी दहावीला. मी मसुदा केला: प्रशासकीय कारणास्तव आपली बदली करण्यात येत आहे. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. हीच तर माझी कारागिरी! मुलीच्या दहावीचा मुद्दा मी तोंडी काढला होता, एवढे मात्र आठवते. साहेब हूं म्हणाले आणि मी कागद टायपिंगला दिला. विभागात सगळ्यांना कारण माहीत होते आणि कोणी काही बोलले नाही, मीही नाही.

त्यांचा प्रबंध पुरा झाला नाही.

कलकत्त्याच्या गोष्टीला मात्र पुढचा भाग आहे, आणि तो मुंबईचा आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली, भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार. पहिलेपणाचा मान त्यांचा, कागदोपत्री पक्का. १९९७मध्ये आनंदकुमार कलकत्त्याला गेले असता सुनीत मुखर्जींनी मुखोपाध्यायांचे जपून ठेवलेले कागद त्यांच्यापुढे ठेवले. आनंदकुमारांनी ते तपासले, दुर्गाच्या आईवडिलांशी बोलले, आणि त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये लिहून टाकले की हा मान माझा नव्हे, मुखोपाध्यायांचा. समितीला जे मागता आले नव्हते ते व्हाउचर त्यांनी मागितले आणि ते खरे निघाल्यावर स्वतःच्याच खात्याला नावे टाकले. कोणी त्यांच्यावर सक्ती केली नव्हती. गप्प बसले असते तरी चालून गेले असते. पुढे दुर्गा स्वतः लोकांसमोर आली.

बारशाहून परतताना मी वाटेत मिरजेला उतरलो. ते सहकारी निवृत्तीनंतर तिथेच असतात. मुलगी डॉक्टर झाली आहे, पुण्याला असते. गप्पा झाल्या, जुन्या शाखांच्या, पेन्शनच्या. निघताना त्यांनी कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची फाईल काढली. दोन्ही तालुक्यांचे तक्ते, शाईने आखलेले, एकेक खाते ओळीने. "बघा, तुम्ही लिहिणारे आहात, तुम्हाला उपयोग झाला तर," म्हणाले.

फाईल आता माझ्या टेबलावर आहे. तिच्यात मागच्या बाजूला, टाचणीने लावलेला, तो बदलीचा हुकूम आहे. खाली साहेबांची सही, आणि डाव्या कोपऱ्यात मसुदा करणाऱ्याची आद्याक्षरे असतात तशी माझी. ती त्यांनी इतक्या वर्षांत पाहिली नसतील असे होणार नाही. पुढच्या आठवड्यात फाईल परत द्यायला जायचे आहे.