रिव्हॉल्व्हरची नळी आणि काडतुसाची पारख

रोकड घेऊन फिरणाऱ्या काही व्यापारी बांधवांजवळ परवान्याचे रिव्हॉल्व्हर असते. सामान्य परवान्यावर .38 मिळत नाही, म्हणून ते बहुधा .32 बोअरचे. नळी किती इंच, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. काडतुसाची खरी पारख तेथेच आहे.

डबीवर छापलेला वेग बहुधा 4 इंच किंवा त्याहून लांब नळीत मोजलेला असतो. कानपूरच्या कारखान्याच्या मार्क-3 ची नळी सुमारे 3 इंच, खिशात मावणाऱ्या काही परदेशी रिव्हॉल्व्हरांची 2 इंचच. आखूड नळीत वेग घटतो, आणि न जळलेली दारू तोंडाशी भडकते. अंधारात डोळे दिपतात, कानठळ्या बसतात. म्हणजे जादा दारूच्या काडतुसाचा फायदा थोडा, धक्का मात्र पुरा.

पोकळ टोकाच्या गोळीला फुलण्यासाठी वेग हवा. .32 लाँगची 98 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 700 फूटच जाते. एवढ्यावर फुलण्याचा भरवसा नाही. अमेरिकेत .38 ची आखूड नळीसाठी खास काडतुसे निघाली ती याच कारणाने. .32 वाल्याने साधी शिशाची गोळी घ्यावी. महाग म्हणजे मजबूत, हा हिशेब कापडात चालत नाही, इथेही नाही.

डबीवर नुसते '.32' पाहून माल उचलू नये. पिस्तुलाचे .32 वेगळे, रिव्हॉल्व्हरचे .32 लाँग वेगळे. शिवाय घेतलेल्यांपैकी पाच-सहा काडतुसे रेंजवर त्याच हत्यारातून उडवून नेम पाहावा. परवान्यावरच्या मर्यादेतूनच ती जातात, तरी ही काटकसरीची जागा नव्हे. रिकाम्या पुंगळ्या मात्र जपाव्यात. नवी घेताना पुष्कळ ठिकाणी त्या मागतात.