प्रेशर पंपात नसतं

पुण्याहून माल भरून निघालेला जुना ट्रक खंबाटकी ओलांडतो आणि आनेवाडी टोलनाक्याच्या रांगेत थांबतो. इंजिन तापलेलं, ऑइल पातळ झालेलं, इंजिनाची गती मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्या आसपास. नेमका तेव्हाच डॅशबोर्डवरचा, तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकायला लागतो. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबतो, दिवा विझतो आणि गाडी पुढे निघते. चार-पाच लाख किलोमीटर धावलेला ट्रक सेकंड हँड घेणाऱ्यांची या दिव्याशी कधी ना कधी गाठ पडतेच. मग सल्ले मिळतात. कुणी म्हणतं, पंप गेला, बदलून टाका. कुणी म्हणतं, जाड ऑइल भरा, वर्षभर बघायला नको. दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: ऑइलचं प्रेशर पंप तयार करतो.

पंप प्रेशर तयार करत नाही. ट्रकच्या इंजिनात सहसा दोन दातेरी चाकांचा पंप असतो. तो दर फेऱ्याला ठरावीक माप ऑइल चेंबरमधून उचलतो आणि पुढे ढकलतो, एवढंच. त्याचं तोंड हवेत उघडं सोडलं, तर तो कितीही नवा असला तरी गेजचा काटा शून्यावरच राहील. पुढे ढकललेल्या ऑइलला बाहेर पडायला जेवढी अडचण, तेवढं प्रेशर. वाड्याच्या गच्चीवरची टाकी तीच आणि पाइपही तोच असतो, पण सकाळी सातला सगळ्या बिऱ्हाडांचे नळ सुटले की वरच्या मजल्यावरची धार करंगळीएवढी होते. टाकी बिघडलेली नसते.

इंजिनातले हे नळ म्हणजे बेअरिंगं. चेंबरच्या तळाशी जाळी, मग पंप, फिल्टर आणि ब्लॉकमधून आडवी गेलेली मुख्य गॅलरी, असा ऑइलचा रस्ता. तिथून ते मेन बेअरिंगांत जातं, क्रँकच्या पोटातल्या तिरप्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांत जातं, शिवाय कॅमशाफ्टला, टर्बोला आणि वर रॉकरपर्यंत पोहोचतं. सहा सिलिंडरच्या इंजिनात सात मेन आणि सहा रॉडची बेअरिंगं असतात. प्रत्येक ठिकाणी क्रँक आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांची फट ठेवलेली असते आणि तिच्या कडांमधून ऑइल सतत चेंबरमध्ये गळत राहतं. ही गळती दोष नव्हे, रचनाच तशी आहे. मेख अशी की गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट 0.06 मिलिमीटरची 0.12 झाली की गळती दुप्पट न होता आठपट होते. त्यात 15डब्ल्यू-40 ऑइल 40 अंशांवर जेवढं दाट असतं, त्याच्या साधारण सातव्या हिश्शाएवढंच 100 अंशांवर उरतं. झिजलेलं इंजिन सकाळी थंड असताना ठणठणीत आणि दुपारी टोलनाक्यावर आजारी का वाटतं, ते या दोन आकड्यांत आलं.

मग प्रेशर कमी झाल्यानं बिघडतं तरी काय? याचं उत्तर ट्रकच्या आधीचं आहे. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला, वर बेअरिंग आणि त्यावर वजन. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलटं वर येऊ लागलं. त्यांनी बूच मारलं, लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. शेवटी गेज लावलं, तर काटा 200 पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचं सरासरी वजन दर चौरस इंचाला 100 पौंडांच्या आसपास होतं आणि पंप तर नव्हताच. फिरणारा आसच तेलाला अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढून नेत होता आणि त्या दाबावर बेअरिंग तरंगत होतं. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. बेअरिंगचं शास्त्र आजही त्या समीकरणावर उभं आहे.

डिझेल इंजिनाच्या रॉड बेअरिंगमध्ये तेलाच्या या पातळ थरातला दाब हजारो पौंडांत जातो. गेजवरचे चाळीस पौंड क्रँकला उचलून धरत नाहीत, ते फक्त थर अखंड राहील एवढं ऑइल पुरवतात. पुरवठा अपुरा पडला की थर फाटतो आणि धातूला धातू घासतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तिथे तर काही सेकंदांचीही उसंत नसते.

म्हणून आधी खरं प्रेशर किती, ते पाहायचं. दिव्याचा स्विच बहुतेक गाड्यांत पाच-सात पौंडांवर लागतो, म्हणजे दिवा लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो. उलट स्विच किंवा त्याची वायर खराब असेल तर सगळं ठीक असतानाही तो लागतो. ब्लॉकवरचा स्विच काढून त्याच भोकात साधं यांत्रिक गेज बसवायचं. हे पाच मिनिटांचं काम न करता इंजिन खोलायला निघणाऱ्या मिस्त्रीकडे मी तरी गाडी देणार नाही.

आता काट्याची चाल बघायची. दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड हा गॅरेजमधला ठोकताळा, पण शेवटचा शब्द कंपनीच्या पुस्तकाचा. गरम इंजिन, मंद गती, प्रेशर कमी, रेस केल्यावर मात्र बऱ्यापैकी चढतं: फटी वाढल्या आहेत. थंड असतानाही आणि कुठल्याही गतीला कमीच: प्रेशर जादा झालं की ऑइल चेंबरमध्ये परत सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्यानं उघडा अडकलाय, त्याची स्प्रिंग तुटलीय किंवा पंपच गेलाय. सुरुवातीला चांगलं आणि काही मिनिटांनी खाली येतं: जाळीवर गाळ ओढला जातोय. काटा थरथरत असेल तर पंप ऑइलबरोबर हवाही ओढतोय, त्याच्या पाइपचं सील बघा.

त्याआधी डिपस्टिक. पातळी कमी असेल तर गोष्ट तिथेच संपते. वाढलेली असेल तर जास्त काळजी करा. फीड पंपातून किंवा इंजेक्टरच्या गळतीतून डिझेल चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि मालक मात्र ‘गाडी ऑइल अजिबात खात नाही’ म्हणून खूश असतो. वास घ्या, लगेच कळतं.

इथवर काही सापडलं नाही तर चेंबर उतरवायचा. रॉडची टोपी सोडली की बेअरिंगचा अर्धगोल पत्रा हातात येतो. पाठ पोलादाची, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचा थर आणि सगळ्यात वर कथिल-शिशाचा, मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश जाडीचा राखाडी मुलामा. या मऊ मुलाम्यात बारीक कचरा रुतून बसतो आणि क्रँक वाचतो. राखाडी रंगातून तांबूस पट्टे दिसू लागले की बेअरिंगचं आयुष्य संपलं. फट मोजायला मेणासारखा बारीक धागा मिळतो. तो क्रँकवर आडवा ठेवून टोपी ठरलेल्या टॉर्कनं कसायची, क्रँक न फिरवता परत सोडायची आणि धागा किती रुंद चेपला ते पाकिटावरच्या पट्टीशी ताडायचं. काही रुपयांच्या धाग्यावर काही लाखांचा निर्णय ठरतो.

क्रँक गुळगुळीत आणि मापात असेल तर खालूनच नवी बेअरिंगं बसतात. ओरखडे असतील किंवा क्रँक अंडाकृती झिजला असेल तर तो उतरवून ग्राइंडिंगला द्यावा लागतो आणि 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंगं टाकावी लागतात. काही क्रँकचा पृष्ठभाग कडक केलेला असतो. ग्राइंडिंगमध्ये तो थर गेला तर परत कडक करून घ्यायला हवा. घाईत नेहमी राहणारं काम म्हणजे ऑइल कूलर आणि गॅलऱ्या धुणं. तिथे अडकलेली जुन्या बेअरिंगची भुकटी नव्या बेअरिंगलाही खाते. आणि पहिल्यांदा सुरू करताना स्टॉप ओढून, डिझेल बंद ठेवून, काटा हलेपर्यंत सेल्फ मारायचा.

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घालून प्रेशर ‘वाढवून’ देणारेही भेटतात. साठ पौंडांना उघडणारा व्हॉल्व्ह आठ पौंडांवर मुळात बंदच असतो, त्याची स्प्रिंग कडक करून मंद गतीला काय फरक पडणार? जाड ऑइलनं काटा चढतो हे खरं. पण थंड इंजिनात तेच ऑइल व्हॉल्व्ह उघडून चेंबरमध्ये परत जातं आणि रॉकर, टर्बो कोरडे वाट बघत राहतात. झिजलेली फट तेवढीच असते, फक्त दिवा गप्प होतो.

विकणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. म्हणून जुना ट्रक बघायला जाल तेव्हा आधी किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका. लाल दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. डिपस्टिकचं ऑइल बोटांत चोळा, मधासारखी तार धरत असेल तर सावध व्हा. मग अर्धा तास, जमलं तर मालासकट, गाडी पळवा आणि गरम इंजिनावर स्वतःचं गेज लावून मंद गतीचं प्रेशर मोजा. मालक गेज लावू देत नसेल, तर क्रँकच्या कामाचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.