आधी गोधडी, मग माईक

१९८२ हे साल घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. त्या वर्षी मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ आला. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन यांच्याकडे महागड्या माईकांचा मोठा साठा होता, तरी जॅक्सनच्या आवाजासाठी त्यांनी निवडला शुअर कंपनीचा एसएम७. तो मुळात निवेदकांच्या टेबलावर शोभणारा डायनॅमिक माईक.

त्याच वर्षी ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ आला. न्यू जर्सीतल्या घरी, बेडरूममध्ये, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर आणि शुअरच्याच दोन एसएम५७ माईकांवर त्यानं गाणी गाऊन ठेवली होती. तो निव्वळ कच्चा खर्डा होता. पुढे बँडला घेऊन स्टुडिओत सगळं नीट करून पाहिलं, पण कॅसेटवरचा जीव त्यात उतरेना. शेवटी कॅसेटवरचाच अल्बम बाजारात आला.

म्हणजे ‘लाखाचा माईक नाही म्हणून माझं गाणं अडलंय’ हे कारण ४० वर्षांपूर्वीच बाद झालं. त्यातूनही कोणी हट्ट धरलाच, तर बिली आयलिशचं उदाहरण द्यावं. तिचा २०१९चा अल्बम लॉस एंजेलिसमधल्या घरी, भावाच्या बेडरूममध्ये घडला आणि पुढच्या जानेवारीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी घेऊन गेला.

भोंग्यात तोंड घालून

माईक नसतानाही रेकॉर्डिंग होत होतं. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला, त्यानं हॉटेलातल्या खोलीत यंत्र मांडलं आणि गायिका गौहर जान यांनी थेट भोंग्यात गायलं. हवेच्या दाबानंच सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर खाच उमटायची. गाण्याच्या शेवटी त्या ‘माय नेम इज गौहर जान’ असं ठणकावून सांगत, कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत आणि तिथल्या कामगारांना कोणाची तबकडी कोणती ते कळायला हवं होतं.

भोंग्यात हळू गाण्याची सोयच नव्हती. १९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, माईक आला, आणि कानाशी कुजबुजल्यासारखं गाणं शक्य झालं. बालगंधर्वांच्या काळी नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो छातीच्या जोरावर. भावगीताचा मऊ, जवळचा सूर हे माईकचं देणं आहे, असं माझं ठाम मत आहे. संगीताचे जाणकार यावर भांडू शकतात, जरूर भांडावं.

दोन जाती आणि एक गैरसमज

बाजारात मुख्य जाती दोन. डायनॅमिक माईकमध्ये पातळ पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत हलतं. लाऊडस्पीकरचीच ही रचना, फक्त उलट दिशेनं चालणारी. खरं वाटत नसेल तर साधा इअरफोन माईकच्या भोकात खुपसून त्यात बोला, खरखरीत का होईना, आवाज रेकॉर्ड होतो. १९६६ साली बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’मध्ये बास गिटारचा आवाज असाच एका लाऊडस्पीकरनं टिपला होता.

दुसरा कंडेन्सर. ई. सी. वेंट यांनी तो १९१६मध्ये शोधला. यात धातूचा मुलामा दिलेला अतिपातळ पडदा आणि त्यामागं एक पट्टी, दोघांत विद्युतभार. पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्याचा सिग्नल होतो. श्वास, ओठांची उघडझाप, मुरकीचं टोक असले बारकावे हा छान पकडतो. १९६२मध्ये गेऱ्हार्ट सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी बेल लॅब्जमध्ये कायमचा भार धरून ठेवणारं ‘इलेक्ट्रेट’ पटल वापरलं आणि कंडेन्सर स्वस्त झाला. कॉलरला अडकवायचा बोयाचा माईक यूट्यूबवाल्यांच्या गळ्यात दिसतो, तो याच घराण्यातला.

आता गैरसमज. ‘कंडेन्सर शेजारच्या घरातलं भांडणही ओढून घेतो, डायनॅमिकला ते ऐकूच येत नाही’ असं दुकानदारही सांगतात. यात अर्धंच खरं आहे. दोन्ही माईक तोंडापासून सारख्या अंतरावर ठेवले, आवाजाची पातळी सारखी केली आणि दोघांची दिशा धरण्याची ढब सारखी असली, तर शेजारचं भांडण जवळपास सारखंच येतं. फरक पडतो तो सवयीनं. डायनॅमिक आपण ओठांपाशी धरतो, कंडेन्सर हातभर लांब ठेवतो. अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलनं खाली येतो, खोलीतला गोंगाट मात्र आहे तिथंच राहतो. हे एकदा कळलं की अर्धी खरेदी टळते.

नॉर्वेतला अंधार, तुमच्या टेबलावर

कंडेन्सरला वीज लागते, स्टुडिओतल्या मोठ्या कंडेन्सरना ४८ व्होल्ट. हा आकडा कुठून आला? १९६६ साली बर्लिनच्या नॉयमान कंपनीनं नॉर्वेच्या सरकारी रेडिओला माईक पुरवले. तिथं हिवाळ्यात दिवस जेमतेम उजाडतो, म्हणून स्टुडिओत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वेगळी लाइन आधीच होती. माईक त्याच लाइनवर चालवले, आणि तोच आकडा जगभर रुळला. आज माईक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसवर ‘४८व्ही’ लिहिलेलं जे बटण दिसतं, त्यामागं नॉर्वेचा हिवाळा आहे. कंडेन्सर घेतला आणि आवाजच येत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हे बटण दाबलंय का ते पाहा.

विड्याचं पान आणि भिंतीवरचा फोम

गाण्याचे बहुतेक माईक ‘कार्डिऑइड’ असतात. त्यांना कुठून किती ऐकू येतं हे कागदावर काढलं तर विड्याच्या पानासारखा आकार उमटतो. समोरचं भरपूर, बाजूचं कमी, अगदी पाठीमागचं जवळजवळ काहीच नाही. म्हणून कुरकुरणारा लॅपटॉप, रस्त्याकडची खिडकी, कुकरच्या शिट्ट्यांचं स्वयंपाकघर हे सगळं माईकच्या पाठीशी येईल असं उभं राहा. पंखा मात्र बंदच करायचा. त्याला पळवाट नाही, घाम पुसत गा.

इथंच बहुतेकांची फसगत होते. माईकमागच्या भिंतीला फोमचे चौकोन चिकटवले जातात, फोटोत ते झकास दिसतात. पण माईकचं तोंड तुमच्याकडे आहे. त्याला ऐकू येते ती तुमच्या पाठीमागची भिंत. जाड कापड तिथं हवं. जुन्या साड्यांची आजीनं शिवलेली गोधडी, रजई, सतरंजी, कापूस भरलेली गादी उभी करून ठेवलेली, काहीही चालतं. जितकं जाड आणि भिंतीपासून वीतभर सुटं, तितकं बरं. कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट पाठीशी घेऊन गाणं हा तर फुकटातला उत्तम उपाय. इंचभर फोम फक्त वरच्या पट्टीची चमक खातो. १०० हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजाची एक लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, ती फोमला दाद देत नाही. गोधडीलाही फारशी देत नाही, हे कबूल. पण गाण्यात आधी बोचतो तो भिंतींवरून उलटणारा टणत्कार, आणि तो गोधडीत मुरतो.

भैरव, भूप, भीमपलास

इंग्रजीतल्या सगळ्या माईक-सल्ल्यांत ‘प’ आणि ‘ब’ यांचीच भीती घातलेली असते. आपल्याकडे त्यावर ‘फ’ आणि ‘भ’सुद्धा आहेत, तेही घसघशीत श्वास सोडत. रागांची नावंच पाहा: भैरव, भैरवी, भूप, भीमपलास, बिभास, बागेश्री, पूरिया. नुसती यादी म्हटली तरी माईकवर धपाधप दणके. हवेचा तो झोत पडद्यावर आदळतो आणि ‘भप्’ असा आवाज उमटतो. नंतर संगणकावर तो पुसणं जिकिरीचं असतं.

उपाय म्हणजे पॉप फिल्टर. दुकानात तो तीन-चारशे रुपयांना मिळतो. भरतकामाच्या गोल रिंगेवर नायलॉनचा पातळ पायमोजा ताणून बसवला तरी काम होतं. याहून सोपं म्हणजे माईक नाकाच्या उंचीवर थोडा बाजूला ठेवून तोंडाकडे कलवायचा. हवा सरळ निघून जाते, सूर तेवढा माईकला मिळतो.

अंतराचं गणित वितेनं करा. कंडेन्सर एक वीत, डायनॅमिक चार बोटं. फार जवळ गेलात तर आवाजात खर्ज फुगतो. दिशा धरणाऱ्या माईकांचा तो अंगभूत गुण आहे. निवेदकांना आवडतो, तानेला मारक ठरतो.

तानपुरा चोरणारा मोबाईल

लॉकडाउनमध्ये ऑनलाइन गाणं शिकलेल्यांना हा किस्सा ओळखीचा वाटेल. गुरुजी म्हणायचे, ‘तानपुरा लाव’. शिष्य म्हणायचा, ‘लावलाय की!’ दोघंही खरं बोलत होते. मोबाईल आणि व्हिडिओ कॉलमधली गोंगाट कमी करणारी यंत्रणा एकसारखा चालणारा आवाज शोधते आणि तो पंखा किंवा एसी समजून पुसते. तानपुराही एकसारखाच चालतो. षड्ज-पंचम त्यातच गेले. ॲपमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सेटिंग असेल तर ती चालू करावी. रेकॉर्डिंगसाठी तर असली कुठलीही ‘सुधारणा’ बंदच ठेवावी.

आता खिशाकडे

भाव सणासुदीला वर-खाली होतात, म्हणून अंदाजच देते.

दीड-दोन हजारांच्या आत बीएम-८०० नावाचे ‘स्टुडिओ कंडेन्सर’ स्टँड, फोम, केबल अशा भरगच्च सेटसह मिळतात. नाव एकच, विकणाऱ्या कंपन्या अनेक, आतला माल ज्याच्या त्याच्या नशिबानं. मी वाटेला जाऊ नका म्हणेन. रंगीत दिव्यांचा, पोटात स्पीकर असलेला ब्लूटूथ कॅरिओके माईक भाच्याच्या वाढदिवसाला द्या, रेकॉर्डिंगला घेऊ नका.

दोन-तीन हजारांत बेरिंजरच्या एक्सएम८५००सारखे साधे डायनॅमिक माईक येतात आणि गळा बऱ्यापैकी प्रामाणिकपणे उतरवतात. गणेशोत्सवाच्या मांडवात दिसणाऱ्या अहुजाच्या माईकांनाही कमी लेखू नका, फक्त केबलच्या टोकाला कुठली पिन आहे ते पाहून घ्या. मात्र एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या केबलचा माईक नुसता घेऊन भागत नाही. त्याला इंटरफेस लागतो, म्हणजे आणखी चार ते दहा-बारा हजार, शिवाय केबल आणि स्टँड. यूएसबी माईक थेट लॅपटॉपला लागतो, पण उद्या तबल्यासाठी दुसरा माईक जोडायचा म्हटलं की अडचण होते.

पहिलाच माईक घेणाऱ्याला माझा कौल दोन्ही सोयी असलेल्या डायनॅमिकला. सॅमसनचा क्यू२यू किंवा फिफाईनचे काही माईक यूएसबी आणि एक्सएलआर दोन्हीवर चालतात. आज लॅपटॉपला लावा, पुढे इंटरफेस घेतलात तर तोच माईक कामी येतो.

दहा हजारांच्या आसपास दोन जुने खेळाडू भेटतात. एक शुअरचा एसएम५८, १९६६पासून जवळजवळ तसाच. ५० ते १५,००० हर्ट्झ एवढंच ऐकतो, गाण्याला तेवढं पुरतं. त्याच्या नकला मात्र इतक्या आहेत की अधिकृत विक्रेता आणि पक्कं बिल याशिवाय घेऊच नये. दुसरा ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२०, कंडेन्सर, २० ते २०,००० हर्ट्झ. खोली शांत आणि गळा नाजूक कामाचा असेल तर हा.

जॅक्सनवाल्या एसएम७ची आजची आवृत्ती एसएम७बी पॉडकास्टवाल्यांनी घराघरात पोचवली. ती घेण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिचा सिग्नल इतका क्षीण असतो की तो साधारण ६० डेसिबलनं वाढवावा लागतो. स्वस्त इंटरफेस तेवढं वाढवताना खुसखुसायला लागतो, मग मध्ये आणखी एक बूस्टर आला.

जाहिरातींत ‘सेल्फ नॉइज’चा, म्हणजे माईकच्या स्वतःच्या सळसळीचा, आकडा मिरवतात. रोडच्या एनटी१चा तो ४ डेसिबल, एटी२०२०चा २०. ऐकायला फरक मोठा. पण रात्री शांत वाटणारी फ्लॅटमधली खोलीसुद्धा ३० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे त्या १६ डेसिबलचे पैसे आधी खोलीवर घाला.

जाता जाता

माईकवर ‘फू फू’ करू नका. रिबन जातीच्या माईकमध्ये काही मायक्रॉन जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी असते, एका फुंकरीत ती कायमची वाकते.

उभे कंडेन्सर बाजूनं ऐकतात, टोकाकडून नाही. बहुतेकांवर जिकडे कंपनीचं चिन्ह, तिकडून गायचं. कित्येक जण महिनोन्‌महिने डोक्याकडून किंवा पाठीकडून गात राहतात आणि माईकला शिव्या घालतात.

जाळीला मूठ आवळून गाणारे रॅपर पाहून तसं करू नका. जाळी झाकली की विड्याचं पान मोडतं आणि माईक चहूकडून ऐकायला लागतो.

रेकॉर्ड करताना हेडफोन वायरचा हवा. ब्लूटूथमधून आवाज उशिरा येतो आणि लय पांगते.

पातळी लावताना सर्वांत मोठ्या तानेला आकडा उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. शून्याला टेकला की फाटलेला आवाज परत शिवता येत नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कंडेन्सर स्टँडवर उघडा सोडू नका. दमटपणानं तो चरचरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. डायनॅमिकला दमट हवेचा एवढा जाच होत नाही, किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी हेही हिशेबात धरावं.

आणि दुकानात जाण्याआधी एक काम करा. पंखा बंद, पाठीशी गोधडी, मोबाईल वीतभर अंतरावर, आणि एक कडवं म्हणा. मग तेच कडवं गोधडी काढून म्हणा. दोन्ही वायरच्या हेडफोनवर ऐका, आणि मगच पाकीट उघडा.