भाच्याचे हॉटेल आणि मुंबईचा एक आठवडा

आमचा भाचा बारा वर्षे कुवेतच्या एका उपाहारगृहात राबून आता कायमचा परतला आहे. खेडजवळ मुंबई-गोवा महामार्गालगत जागा भाड्याने घेऊन हॉटेल टाकायचा त्याचा बेत आहे. सारी बचत त्यात जाणार म्हणून बहिणीने त्याला आमच्याकडे धाडले. "मामूबरोबर आठवडाभर मुंबईचे बाजार बघ, मग बँकेतून पैसे काढ," असे तिचे सांगणे. धंद्यावर लिहिता लिहिता आमचे केस पिकले, पण गल्ल्यावर आम्ही कधी बसलो नाही. तेव्हा हिंडावे, खावे आणि जिथे जाऊ तिथे हिशेब विचारावा, असे ठरवून निघालो.

सोमवारी क्रॉफर्ड मार्केट. १८६९ साली बांधलेली ही मंडई आता महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने आहे. भाच्याने कागदावर लिहून आणले होते, 'भाजी-फळे, क्रॉफर्डहून ठोक'. त्याच्या अब्बांच्या वेळची ही माहिती. फळ-भाजीचा ठोक व्यापार १९९६ सालीच वाशीला गेला. इथे आता आपल्यासारखे किरकोळ गिऱ्हाईक जास्त. समोर १९०५ पासूनच्या बादशाहमध्ये फालुदा घेतला आणि त्या कागदावरची पहिली ओळ खोडली.

मंगळवारी पहाटे वाशी गाठली. ट्रक, माथाडी कामगारांची धावपळ, पोत्यांच्या थप्प्या. पोत्याच्या भावाला कांदा स्वस्त पडतो खरा, पण एका आडत्याने भाच्याला सरळ विचारले, "शेठ, रोज किती पोती लागणार?" भाचा म्हणाला, "एकसुद्धा नाही." मग खेडपर्यंतचे भाडे, हमाली आणि वाटेत सडणारा माल धरला तर स्वस्ताई कुठे राहिली? भाजी खेडलाच घ्यायची, असे तिथल्या तिथे ठरले. मासळीचेही तसेच. ससून डॉकवर जाण्याचा आमचा हट्ट होता, पण दापोलीजवळ हर्णैला रोज लिलाव होत असताना मुंबईचा बर्फ कोण वाहून नेणार? मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ते ६१ दिवस ताटात काय वाढायचे, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

बुधवारचा अख्खा दिवस मिरची गल्ली आणि मशीद बंदरात गेला, आणि तो सर्वांत कामाचा ठरला. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हींच्या मध्ये, इतके घरात सर्वांना ठाऊक असते. एका जुन्या दुकानदाराने पुढचे शिकवले. मिरची मुठीत दाबली की चुरचुरली पाहिजे. नरम लागली तर मिरचीच्या भावाने पाणी विकत घेतले म्हणून समजा. वर्षाची खरेदी नवा माल येतो तेव्हा, उन्हाळ्याच्या तोंडी करावी. तयार पूड कधी घेऊ नये. रंग कशाचा आहे हे दळल्यावर देवाशिवाय कुणाला कळत नाही. मिरची उन्हात वाळवून, देठ काढून, डोळ्यांसमोर डंकावर कुटून घ्यावी आणि बरणीत हिंगाचे खडे टाकून ठेवावी. दगडफूल, नागकेशर, शहाजिरे आणि बाद्यान मात्र मुंबईहूनच न्यावे. ते लागते थोडे, टिकते फार आणि गावी महाग मिळते. बहिणीच्या यादीतले तिरफळ आम्ही मुद्दाम घेतले नाही. कोकणातला माल मुंबईत येऊन विकत घ्यायचा म्हणजे थोरच!

रात्री भेंडी बाजारात नूर मोहम्मदीला बसलो. हे हॉटेल १९२३ पासूनचे, नाव नळी निहारीचे. निहारी तासन्‌तास मंद आचेवर शिजते, आयत्या वेळी वाढवता येत नाही. म्हणजे किती रांधायचे याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. भाच्याच्या वहीत मात्र ऐंशी पदार्थांची यादी होती, चायनीजसकट. तिथेच कागद घेऊन त्याचा हिशेब मांडला. समजा रोज साठ ताटे, दीडशे रुपयांनी. गल्ला नऊ हजार. सामान निम्मे, साडेचार हजार. पगार, गॅस, वीज आणि भाडे साडेतीन हजार. उरले हजार. आता गिऱ्हाईक चाळीसच आले तर? गल्ला सहा हजार, पण रांधलेले साठांचे. रोज दोन हजारांची खोट. भाच्याने नळी बाजूला ठेवली आणि कागद पुन्हा वाचला.

गुरुवारी एका नव्या, झगमगीत उपाहारगृहात मुद्दाम गेलो. नाव सांगत नाही. जाडजूड मेनू, पण चार पदार्थ मागितले तर तीन 'आज नाही', चौथा आला तो कालचा असावा. भाच्याने आणखी काही न विचारता वहीतली दोन पाने फाडली.

शुक्रवारी चोर बाजारात दुकाने बंद असतात, पण पहाटे रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार भरतो. जुनी शेगडी आणि वजनकाटा पाहिला, घेतला नाही. तांबाकाट्याला जुन्या देगा मिळाल्या. त्यांचा भाव वजनावर, मोडीच्या धोरणाने ठरतो. देग घेताना आत हात फिरवून बघावा. कलई गेलेली असेल तर तिचा खर्च किमतीत धरायचा. तांब्यात आंबट शिजवून कुणाच्या पोटाशी खेळ नको. एक मध्यम देग पटली, ती घेतली.

शनिवारी ओळखीच्या हिशेबनीसाकडे बसलो. साध्या हॉटेलला जीएसटी ५ टक्के, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. फ्रीज, भांडी, फर्निचर यांवरचा कर आपल्याच खिशातून जातो. भाच्याने तो धरलाच नव्हता.

परतताना जे. जे. उड्डाणपुलाखालून चाललो. हा पूल २००२ साली झाला. तेव्हापासून मोहम्मद अली रोडवरची कितीतरी गर्दी डोक्यावरून निघून जाते. एका मिठाईच्या दुकानात भाच्याने विचारले, "पुलाने धंदा बसला का?" मालक म्हणाले, "रमजानमध्ये लोक पूल सोडून खाली येतात, कारण ते खायलाच निघालेले असतात. वाटेने जाणारा मात्र आता थांबत नाही."

भाचा बराच वेळ गप्प होता. महामार्ग रुंद होतो आहे, २०२३ मध्ये कशेडीच्या बोगद्यातून वाहतूक सुरू झाली आहे. त्याचे सारे गणित वाटेने जाणाऱ्यावरच होते.

रविवारी सकाळी देग, मिरचीचे पोते आणि मसाल्याचा डबा घेऊन तो कोकण रेल्वेने निघाला. वहीत आता सहा पदार्थ उरले आहेत. फलाटावरूनच त्याने जागामालकाला फोन लावला. दुभाजकाला आपल्या जागेसमोर फट राहणार आहे की नाही, हे आधी लिहून आणा, मगच बयाणा देतो, असे तो सांगत होता. गाडी सुटली तोवर पलीकडून काही उत्तर आलेले नव्हते.